अक्षराआधी कान: मुलाला मराठी वाचायला शिकवताना सुरुवात कुठून करायची

"आमच्या पोरीला अ पासून ज्ञ पर्यंत सगळं पाठ आहे. बाराखडी तर घडाघडा म्हणते. पण 'मगर' शब्द पुढं ठेवला की गप्प." कोल्हापुरातली राजारामपुरी असो नाहीतर शेजारचं उचगाव, पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचे आईबाप आणि नव्यानं रुजू झालेल्या अंगणवाडीताई, दोघांचंही गाऱ्हाणं हेच. मूल हुशार असतं, घरचे कष्टही घेत असतात. गडबड क्रमात असते. वर्णमाला पाठ म्हणताना तोंड चालतं, कानाला काही काम नसतं. 'मगर' वाचायचं तर म, ग, र हे तुकडे सुटे ओळखायचे, डोक्यात धरून ठेवायचे, जोडायचे आणि जोडून झाल्यावर "अरे, ही तर आपली नदीतली मगर!" असं कळायचं. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या पोरांना मगर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अडतं ते तुकडे सोडवण्यात आणि जोडण्यात. ही तयारी अक्षर दाखवायच्या आधी, नुसत्या कानानं सुरू होते. शिक्षक मंडळी याला ध्वनिजाणीव म्हणतात.

हा लेख तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे. सामान म्हणाल तर ओंजळभर चिंचोके, एक पाटी, जुने पेपर. वेळ रोज पंधरा मिनिटं, तीही एका बैठकीत नको. कणीक मळताना पाच मिनिटं, केएमटी बसच्या थांब्यावर पाच मिनिटं, झोपताना पाच मिनिटं, असं चालतं. उलट तसंच जास्त चांगलं होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. शहरात सध्या फोनिक्सचे, म्हणजे आवाज आणि अक्षर जोडून इंग्रजी वाचायला शिकवणारे, क्लास बरेच निघालेत आणि तिथला क्रम जसाच्या तसा मराठीला लावायचा मोह होतो. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे साधारण एक सुटा ध्वनी, म्हणून तिथं सुट्या ध्वनीपासून सुरुवात करतात. आपलं अक्षर वेगळं आहे. 'का' हे एक अक्षर, पण त्यात क् आणि आ असे दोन ध्वनी आहेत. मुलाच्या कानाला 'का' हा अख्खा तुकडा सहज सापडतो, एकटा 'क्' सापडत नाही. शेजारच्या कन्नडमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: अक्षराएवढ्या तुकड्याची जाण लवकर येते, सुट्या ध्वनीची सावकाश, काना-मात्रा अंगवळणी पडत जातात तशी. तेव्हा आपली शिडी अशी: आधी शब्द, मग शब्दातले तुकडे, मग अक्षरं आणि सगळ्यात शेवटी अक्षराच्या आतले ध्वनी.

पहिली पायरी: वाक्यातून शब्द सुटा करा

मोठ्यांना वाटतं, वाक्यात शब्द असतात हे मुलाला ठाऊकच असणार. पण बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबत नाही. 'आईबाजारातगेली' असं सगळं सलग कानावर पडतं.

चिंचोके घ्या. वाक्य सावकाश म्हणा आणि दर शब्दाला एक चिंचोका पुढं सरकवा. "आजी रंकाळ्यावर गेली." तीन चिंचोके. मग मुलाला सरकवू द्या. दोन-तीन शब्दांच्या वाक्यानं सुरुवात करा, पाचाच्या पुढं जाऊ नका. काही मुलं 'रंकाळ्यावर'ला दोन चिंचोके ठेवतात, एक रंकाळ्याचा, एक 'वर'चा. ते खोडू नका. त्यांनी अर्थ अगदी बरोबर पकडलाय. "आपण ते जोडून बोलतो," एवढं म्हणून पुढं चला.

आणखी एक गंमत करून बघा. विचारा, "साप आणि फुलपाखरू, यातला लांब शब्द कुठला?" चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा 'साप' म्हणतं, वर हात पसरून किती लांब तेही दाखवतं. त्याच्या डोळ्यांपुढं जनावर असतं, शब्द नसतो. दोन्ही शब्द टाळ्या वाजवत म्हणा: साप, एक टाळी. फुल-पाख-रू, तीन. पुन्हा विचारा. बैल आणि सुरवंट, वाघ आणि चिमणी असे जोड घेत गेलात की हळूहळू मुलाचं लक्ष वस्तूवरून आवाजाकडं वळतं. ही वळण्याची जागा महत्त्वाची आहे. ती आली नाही तोवर पुढची घाई नको.

दुसरी पायरी: यमक

यावर फार लिहायला नको, आजी-आजोबांचं हे राखीव क्षेत्र आहे. बडबडगीतं म्हणा, दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि मुलाला भरू द्या. मग निरर्थक यमकं जोडा. रस्सा, ठस्सा, फस्सा. अर्थ नसला तरी चालतो, आवाज जुळला की झालं. ज्या मुलाला भरपूर गाणी ऐकूनही महिना-दोन महिन्यांत यमक अजिबात कळत नाही, त्याची मनात नोंद ठेवा. शेवटी कानाबद्दल लिहिलंय, तिथं ती उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: टाळ्या, आणि 'कोल्हापूर'चं कोडं

आता शब्दाचे तुकडे. रं-का-ळा, तीन टाळ्या. मि-सळ, दोन. गूळ, एक. गावांची आणि आपापली नावं आली की पोरं यात चांगली रमतात.

नव्या ताई नेमक्या इथंच गोंधळतात, म्हणून जरा थांबून बघू. 'कोल्हापूर'च्या टाळ्या किती? मूल तीन वाजवतं: को-ल्हा-पूर. भिंतीवरचा तक्ता बघून ताई म्हणतात चार: को-ल्हा-पू-र. दोघंही खरं बोलतायत. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण लिहितो, पण बहुतेक वेळा उच्चारत नाही. 'घर' म्हणताना र चा पाय मोडलेलाच असतो, आपण तो मोडून दाखवत नाही इतकंच. मधला 'अ'सुद्धा पुष्कळदा गळतो. 'आजरा' लिहायला तीन अक्षरं, बोलायला आज-रा अशा दोनच टाळ्या. कागल लिहायला तीन, बोलायला दोन. इचलकरंजी लिहायला सहा, बोलायला इ-चल-क-रं-जी अशा पाच.

मग बरोबर कुणाचं धरायचं? नुसत्या कानाचा खेळ चालू आहे तोवर मुलाचं. ते जे ऐकतंय तेच वाजवतंय, आणि आपल्याला तेच हवंय. तीनच्या चार करायला लावलंत तर मूल स्वतःच्या कानावरचा भरवसा सोडून तुमच्या तोंडाकडं बघायला लागतं. पुढं अक्षरं आली की 'लिहायच्या टाळ्या' म्हणून दुसरा खेळ सुरू करा: अगदी सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबत, का-ग-ल. एकाच शब्दाच्या दोन तऱ्हा असतात हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर पचतं.

सुरुवातीच्या त्या 'मगर'वर पोरगी गप्प का होते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं. ती म… ग… र… अशी तीनही अक्षरं बरोबर म्हणते. पण प्रत्येकाचा 'अ' लांबवल्यामुळं तिच्या कानावर जे पडतं ते तिच्या ओळखीच्या 'मगर'सारखं नसतं. शेवटचा अ टाकून, पटकन जोडून म्हणायची सवय तिला कुणी लावलेलीच नसते. म्हणून जोडणीचा खेळ तोंडी, अक्षरं येण्याच्या कितीतरी आधीपासून खेळा. तुम्ही तुकडे टाका, मुलानं जोडायचं. "मला दे… भ… डं… ग." मूल हसत भडंगाची पिशवी आणून देतं, म्हणजे जोडणी झाली. "आज कुठं जायचंय? क… ळं… बा." दोन तुकड्यांपासून सुरू करा, मधली थांबण्याची वेळ हळूहळू वाढवा. या लेखातला एकच खेळ करायला सवड असेल तर हा करा.

उलटा खेळही आहे, मूल तुकडे पाडेल आणि तुम्ही ओळखाल. तो जरा अवघड, पण मुलांना मोठ्यांची परीक्षा घ्यायला फार आवडतं.

चौथी पायरी: पहिला आवाज, शेवटचा आवाज

आपल्या भाषेनं यासाठी एक खेळ फुकट दिलेला आहे. चहा-बिहा, मिसळ-बिसळ, शाळा-बिळा. तीन-साडेतीन वर्षांचं पोरगंही हे न शिकवता बोलतं. म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर काढून तिथं 'बि' बसवायचं कसब त्याच्याकडं आहेच, आपल्याला फक्त ते वर काढायचंय. "आज बि नाही, आज टु." चहा-टुहा, मिसळ-टुसळ, शाळा-टुळा. पाच मिनिटांत घरभर धुमाकूळ.

मग पिशवीचा खेळ. पिशवीत स्वयंपाकघरातल्या वस्तू भरा आणि "एकसारखी सुरुवात होणाऱ्या दोन काढ," म्हणा. इथं वस्तू विचारपूर्वक निवडायला हव्यात. किल्ली आणि काडेपेटी ठेवलीत आणि दोन्ही क च्या म्हणून अपेक्षा केलीत, तर मूल तुमच्याकडं बघत राहील. त्याच्या कानाला 'कि' आणि 'का' हे दोन वेगळे तुकडे आहेत. दोन्हींत क् लपलाय हे कळायला अजून अवकाश आहे. म्हणून आधी अख्खं अक्षर जुळणाऱ्या जोड्या घ्या: बटाटा-बटण, काडेपेटी-कात्री, पातेलं-पापड. या पक्क्या झाल्या की महिन्या-दोन महिन्यांनी किल्ली आत टाकून बघा.

च, ज आणि झ ही अक्षरं इथं तुम्हाला फसवतील. 'चमचा' आणि 'चिमणी' एकाच आवाजानं सुरू होत नाहीत. चमचा, चूल, चाक म्हणताना जीभ दातांमागं टेकते. चिमणी, चहा, चार म्हणताना वर टाळूकडं जाते. ज चंही तसंच, जावई आणि जेवण. झ चंही, झाड आणि झेंडा. लिहायचं अक्षर एकच. मूल "हे सारखं नाही," म्हणालं तर त्याचा कान तुमच्याहून तल्लख आहे असं समजा आणि तसं त्याला सांगाही. कानाच्या खेळात या दोन टोळ्या मिसळू नका. अक्षर शिकवायची वेळ आली की "याला दोन आवाज आहेत," असं सरळ सांगून दोन्हींची चित्रं शेजारी लावा.

शेवटच्या आवाजासाठी भेंड्या आहेतच. लहानांसाठी गाण्याऐवजी शब्दांच्या. मका, मग का वरून काकडी, मग डी. कोल्हापुरात डी आली की पोरं डीजेच म्हणणार, म्हणू द्या. शेवटी ळ आला की गाडी अडते, कारण ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. अशा वेळी ल घ्यायचा हा भेंड्यांतला जुना तोडगा. ण चीही जवळपास तीच गत. म्हणून ही दोन अक्षरं शब्दाच्या शेवटून शिकवायची: बाळ, केळ, गूळ, बाण, सण, कण.

दुसरी-तिसरीतली मोठी भावंडं घरात असतील तर त्यांना च ची भाषा बोलू द्या. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा, 'जातो'चं 'चतोजा'. मोठ्यांना कळू नये म्हणून चाललेला हा उद्योग म्हणजे अक्षरांच्या उलथापालथीचा फार चांगला सराव आहे. आपण कळत नसल्याचं सोंग करावं.

पाचवी पायरी: आता अक्षरं, पण वर्णमालेच्या क्रमानं नव्हे

अ ते अः, मग क ते ज्ञ, मग सगळी बाराखडी आणि त्यानंतर शब्द, ही जुनी वाट आहे. या वाटेनं गेलेलं मूल कित्येक महिने अक्षरंच घोटतं, वाचत काहीच नाही. ङ आणि ञ साठी सुरुवातीचा वेळ घालवण्यात तर काहीच हशील नाही. पहिली दोन वर्षं ही अक्षरं पुस्तकात सुटी भेटतच नाहीत.

त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एक-दोन चिन्हं असा गट घ्या, ज्यातून लगेच शब्द आणि वाक्यं होतील. हा बघा एक गट: र, न, त, म, क, ल, आ आणि काना. एवढ्यावर हे वाचता येतं:

रानात मका आला. काका आला. मामा आला. काकाला मका. मामाला मका. मला?

ही गोष्ट झाली. लहान, पण पुढं काय होणार याची उत्सुकता असलेली. मका कुणाला मिळाला यावर पोरं भांडतात, 'मला?' ज्याच्या वाट्याला येतं तो ते ओरडून वाचतो. पहिल्या गटातच मुलाला कळतं की या रेघोट्यांमधून कुणीतरी काहीतरी सांगतंय. दुसऱ्या गटात दुसरी वेलांटी आणि आणखी चार-पाच अक्षरं आणा, म्हणजे काकी, मामी आणि पाणी येईल. गट पक्का व्हायला दोन आठवडे लागले तरी लागू द्या.

गट पाडताना सारखी दिसणारी अक्षरं एका गटात घेऊ नका. घ-ध, भ-म, प-ष, ट-ठ-ढ. ख तर र आणि व शेजारी लिहिल्यासारखाच दिसतो. कानाला जवळची वाटणारी अक्षरंही लांब ठेवा, प-फ, द-ध. गडहिंग्लज-चंदगडकडं घरात कन्नड बोलणाऱ्या मुलांना ख, घ, फ, ध असे हकारयुक्त आवाज वेगळे ऐकायला जास्त वेळ लागतो, कारण रोजच्या बोलण्यातल्या कन्नडमध्ये तो फरक फारसा उरलेला नाही. त्यांच्यासाठी तोंडापुढं तळवा धरायची युक्ती आहे: 'फणी' म्हणताना हवा लागते, 'पाणी' म्हणताना जाणवत नाही.

बॅट, बॉल, गॅस, डॉक्टर या शब्दांतल्या ॅ आणि ॉ ला फार उशिरापर्यंत थांबवू नका. राज्य सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना रीतसर जागा दिली आहे. शाहू स्टेडियमच्या आसपास वाढणाऱ्या पोराला बॉल हा शब्द बगळ्याच्या कितीतरी आधी भेटलेला असतो.

दुकानाची पाटी किंवा पुडीवरचं नाव बघून मूल 'वाचतं' त्याचं कौतुक करा, पण ते वाचन समजू नका. ते रंग आणि चित्र ओळखतं. तेच नाव पाटीवर खडूनं लिहून दाखवा, लगेच कळेल. पाट्या शोधाशोधीसाठी मात्र उत्तम. "महाद्वार रोड संपेपर्यंत म किती दिसले?"

सहावी पायरी: अक्षर उघडून बघणं

काना-मात्रा शिकवताना मुलाला पहिल्यांदा अक्षराच्या आतले दोन ध्वनी भेटतात. बाराखडीची चाल इथं थोडी आड येते. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' हे मूल सुरात म्हणतं, पण मधूनच 'कु' वर बोट ठेवलं की पुन्हा 'क'पासून सुरू करून तिथपर्यंत येतं. त्याला क्रम पाठ असतो, चिन्हाचा आवाज माहीत नसतो.

तेव्हा आधी कानाला दाखवा. "का म्हण आणि लांबव." काऽऽऽ. शेवटी काय उरलं? आ. "की लांबव." ई उरते. मा लांबवलं तरी आ, ला लांबवलं तरी आ. हे पाच-सहा अक्षरांवर झालं की काना दाखवा: तो उरणारा आ म्हणजे ही उभी रेघ. एवढं लख्ख झालं की काना कुठल्याही अक्षराला लावता येतो, प्रत्येक अक्षराची बाराखडी वेगळी पाठ करावी लागत नाही.

नंतर स्वर बदलायचा खेळ. आज सगळं 'ई'त बोलायचं: कोल्हापूर झालं कील्हीपीर, पंचगंगा झाली पिंचीगिंगी. उद्या 'ऊ'त. हसता हसता मूल व्यंजन तसंच ठेवून स्वर बदलतं, म्हणजे 'क्' त्याला एकटा सापडला.

चिन्हांचा क्रम माझ्या मते असा ठेवावा: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार आणि मग पहिली वेलांटी. पहिल्या वेलांटीत एक अडचण आहे. डोळ्याला ती अक्षराच्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. मूल लिहिताना ती मागं टाकतं, वाचताना अडखळतं. "आधी अक्षरावर बोट, मग वेलांटीवर," असं चार दिवस केलं की सुटतं. ऱ्हस्व-दीर्घाची शिस्त मात्र या वयात मागू नका. बोलताना आपणही तो फरक फारसा पाळत नाही, आणि मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार 'आणि'सारखे मोजके अपवाद सोडले तर दीर्घच लिहितात. 'आणि' सगळीकडं भेटतो, तो अख्खा ओळखायला शिकवा.

बाकीचं

अनुस्वाराचा नियम सांगत बसू नका. आंबा म्हणताना म् आणि घंटा म्हणताना ण् आपोआप येतो, तोंडाला ठाऊक आहे. जोडाक्षरं सगळ्या मात्रा झाल्यावर. सुरुवात एकच अक्षर दोनदा येणाऱ्या शब्दांनी, रस्सा, गल्ली, पत्ता. रफार सगळ्यात शेवटी, कारण 'सूर्य'मध्ये र आधी ऐकू येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर.

हे सगळं चालू असताना रोज एक गोष्ट वाचून दाखवायची, ओळीखाली बोट फिरवत. मूल स्वतः वाचू लागलं तरी हे थांबवू नका. त्याला वाचता येणारा मजकूर 'रानात मका आला' एवढाच असतो, समजणारी गोष्ट त्याहून खूप मोठी असते. घरात पुस्तकं नसतील तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा; १८५० पासूनचं ग्रंथालय आहे.

आणि धाक नको. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते शिकण्यातली भीती घालवायचीच म्हणून. चुकलेल्या टाळीला छडी दाखवलीत की मूल टाळी वाजवायचंच बंद करतं आणि त्याला काय ऐकू येतंय हे कळायची तुमची वाट बंद होते.

घरची बोली आणि पुस्तकातली भाषा

पुस्तकात 'कुठे' छापलेलं असतं, मूल 'कुठं' वाचतं. पुस्तकातली मुलगी 'मी गेले' म्हणते, आपल्याकडची मुलगी 'मी गेलो' वाचते, कारण तिची आई आणि आजी तसंच बोलतात. ही वाचनातली चूक नाही. तिनं अक्षरं बघितली, अर्थ पकडला आणि स्वतःच्या भाषेत सांगितला. वाचन थांबवून तिचं बोलणं दुरुस्त करू नका. वाक्य पूर्ण झाल्यावर "पुस्तकात शेवटी काय लिहिलंय, बघ बरं," म्हणून त्या मात्रेवर बोट ठेवा. चिन्हाकडं लक्षही जातं आणि घरच्या बोलीला बट्टाही लागत नाही. सुरुवातीच्या गोष्टी तुम्ही स्वतः लिहीत असाल तर खुशाल 'कुठं' लिहा.

ऊसतोडीच्या हंगामात आलेली किंवा शिरोलीच्या कारखान्यांमुळं इथं राहायला आलेली मुलं वर्गात असतील, तर कानाचे खेळ त्यांच्या घरच्या शब्दांनीही खेळा. टाळी हिंदी शब्दावरही तशीच वाजते. आणि मूल इंग्रजी माध्यमात असेल तर मराठीचे खेळ बंद करायचं कारण नाही. कान एकच आहे, तो बोलत्या भाषेत आधी तयार होतो. फक्त इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून देऊन वाचून घेऊ नका, त्यानं दोन्हीकडं घोटाळा होतो.

किती जमलं हे कसं बघायचं

पाठांतर आहे की वाचन, हे ओळखायला निरर्थक शब्द द्या: कमा, लातन, नालम. ओळखीचा शब्द मूल अंदाजानं म्हणू शकतं, 'लातन' वाचावाच लागतो. मोजमाप हवंच असेल तर केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं समोर ठेवा: पहिलीपूर्वी दोन-तीन अक्षरी सोपे शब्द, पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द. हा अंदाज आहे. घड्याळ लावून पोराला पळवायला तो दिलेला नाही, मजकूर कळला का हेही त्याच उद्दिष्टांत आहे.

यमक कळत नाही, प-ब किंवा त-द यांत कायम गोंधळ होतो, मागून हाक मारली तर वळत नाही, टीव्ही मोठा करून ऐकतं, असं दिसलं तर खेळ वाढवण्याआधी कान तपासा. वारंवार सर्दी होणं, कान वाहणं यामुळं लहान मुलांना अधूनमधून कमी ऐकू येतं आणि घरात ते लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तेव्हा हे आवर्जून सांगा. नाहीतर सरळ सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात न्या.

कान ठीक आहेत आणि तरीही गाडी अडलीय, तर बाईंना किंवा गुरुजींना भेटताना "वाचतच नाही हो," असं सांगू नका, त्यातून त्यांना काही हाती लागत नाही. आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद न्या: तुकडे टाकले तर जोडतो, टाळ्या बरोबर वाजवतो, कान्याचे शब्द वाचतो, वेलांटी आली की थांबतो, घ आणि ध मध्ये चुकतो.